कोपराखालचा चट्टा

तुमच्या डाव्या कोपराखाली एक चट्टा आहे. रुपयाच्या नाण्याएवढा, भोवतालच्या कातडीपेक्षा थोडा फिकट. खाजत नाही, दुखत नाही, म्हणून इतके महिने तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. काल गरम तव्याची कड तिथे लागली आणि तुम्हाला कळलंच नाही. फोड आला तेव्हा दिसलं.

आत्ता तुम्ही धामणगाव रेल्वेच्या फलाटावर बाकावर बसला आहात. पश्चिमेला चांदूर, मग बडनेरा, आणि तिथून फाटा फुटून अमरावती. पूर्वेला पुलगाव, मग वर्धा. या दोन्ही टोकांना तुमच्या चट्ट्याचा इतिहास आहे. अमरावतीला तपोवन, वर्ध्याजवळ दत्तपूर, दोन्ही कुष्ठरुग्णांची ठिकाणं. धामणगाव मधोमध.

हा चट्टा घेऊन तुम्हाला मागे जायचं आहे. फलाट हाच राहील, हात हाच राहील. साल बदलेल, आणि त्या साली माणसाच्या हाती असलेलं औषध बदलेल. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

1921

बाकाची फळी खरखरीत होते. मालधक्क्यावर दाबलेल्या कापसाच्या गाठी एकावर एक रचल्या आहेत. हवेत सरकीचा तेलकट वास आणि इंजिनाचा धूर. स्टेशनाबाहेर यवतमाळच्या रस्त्यानं आलेल्या बंड्या सोडल्या आहेत, बैल कडब्यात तोंड घालून उभे. रेल्वे जी.आय.पी. कंपनीची आहे.

तुम्ही सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली आहे. गठुडं उचलताना ती वर सरकते. शेजारच्या म्हाताऱ्याची नजर तिथे जाते आणि तिथेच थांबते.

"रक्तपिती हाय काय रे तुले?"

आवाजात राग नाही, भीती आहे. उत्तराची वाट न पाहता तो आपली काठी उचलतो आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहतो. त्याला दोष देता येत नाही. 1890 च्या रेल्वे कायद्यातच सांसर्गिक रोग असलेल्या माणसानं परवानगीशिवाय डब्यात चढू नये असं लिहिलं आहे. 1898 चा एक कायदा तर याच रोगाच्या नावाचा आहे. तो जिथे लागू झाला, तिथे निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णाला पोलिसांनी वॉरंटशिवाय धरून आश्रमात टाकावं. कायद्यालाही औषध ठाऊक नाही, म्हणून त्यानं भिंत सांगितली आहे.

औषध म्हणून तुम्हाला एकच गोष्ट मिळेल, कडू कवठाचं तेल. सह्याद्रीच्या ओल्या जंगलात वाढणाऱ्या झाडाच्या बियांचं, पिवळसर आणि दाट. तुम्ही ते दुधातून घेता. घशाखाली उतरेपर्यंत पोटातून उमाळा येतो. दोन आठवड्यांत कित्येक जण सोडून देतात, तुम्हीही सोडाल. सुईनं टोचलं तर काकवीसारखं घट्ट तेल कातडीखाली गाठ होऊन बसतं आणि गाठ दिवसेंदिवस ठणकते.

याच तेलावर सहा वर्षांपूर्वी हवाई बेटावर ॲलिस बॉल नावाची तरुण रसायनशास्त्रज्ञ बसली होती. तेलातली आम्लं वेगळी काढून तिनं त्यांचं असं रूप तयार केलं, की ते पातळ झालं, सुईतून सहज गेलं आणि शरीरात पसरलं. 1916 मध्ये, वयाच्या 24 व्या वर्षी, ती गेली. कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनीही याच तेलापासून टोचता येईल असा क्षार बनवला. झाडानं दिलेलं जसंच्या तसं न घेता त्याची घडण बदलायची, ही नव्या औषधाची पहिली पायरी इथे दिसते. काहींचे चट्टे निवळले. बहुतेकांचे परत आले.

नॉर्वेच्या हॅन्सननं या रोगाचा जंतू 1873 मध्येच पाहिला होता. पण तो काचेच्या बशीत वाढत नाही. इतर जंतूंचं पीक प्रयोगशाळेत घेता येतं, त्यावर औषध टाकून पाहता येतं. हा जंतू जिवंत शरीराबाहेर जगायलाच तयार नाही. म्हणजे औषध तपासायला एकच जागा उरते, रुग्णाचं अंग.

1940

पूर्वेकडची गाडी धरा. पुलगाव जातं, वर्धा येतं. तिथून सेवाग्राम जवळच.

गेल्या वर्षी परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित आश्रमाच्या दारात येऊन थांबले. अंगभर कुष्ठरोग. गांधींनी त्यांना ठेवून घेतलं, कुटी दिली, आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करू लागले. ज्या हाताकडे पाहून धामणगावच्या फलाटावरचा म्हातारा दूर गेला होता, तशाच हातावर इथे दुसऱ्या माणसाचा हात फिरतो आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठधाम चालवलं आहे. धामणगावच्याच एका भागाला दत्तापूर म्हणतात. नावं किती जवळची, आणि तुम्हाला मात्र एका दत्तापुरातून उठून दुसऱ्या दत्तपुरात जावं लागतं, कारण पहिल्यात तुम्हाला आता जागा नाही.

दत्तपूरला तुम्हाला छप्पर मिळतं, भाकर मिळते, काम मिळतं. जखम बांधणारा माणूस मिळतो. औषध मात्र अजून तेच तेल. करुणा आली आहे, रसायन यायचं आहे.

रसायन जगात होतं, हे इथे कुणाला ठाऊक नाही. 1908 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला फ्रॉम आणि विटमन यांनी गंधकाचा एक पांढरा पदार्थ बनवला. कशासाठी वापरायचा हे ठरलं नाही, तो तसाच राहिला. तीस वर्षांनी, सल्फा औषधांची लाट आली तेव्हा, कुणीतरी तो पुन्हा उचलला आणि दुसऱ्याच जंतूंवर करून पाहिला. मात्रा जबर दिली गेली, विषारी ठरला, परत ठेवला गेला. 1941 मध्ये अमेरिकेत लुइझियानाच्या कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गाय फॅगेट यांनी त्याचाच एक भाऊबंद, प्रोमिन, शिरेतून द्यायला सुरुवात केली. जुन्या जखमा भरू लागल्या. सेवाग्रामहून पाहिलं तर उपाय एक वर्ष दूर आहे आणि अर्धी पृथ्वी दूर आहे.

1956

धामणगावच्या फलाटावर परत या. जी.आय.पी. गेली, मध्य रेल्वे आली. आता पश्चिमेकडे जाता येतं. बडनेऱ्याला गाडी बदलली की अमरावती, आणि तिथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 मध्ये उभारलेलं तपोवन. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणतात. माणसं तिथे शेती करतात, विणतात, लाकूडकाम करतात. दया मागून जगायचं नाही, हा तिथला नियम.

आणि आता गोळी आहे. डॅप्सोन. तीच, 1908 ची. मात्रा कमी केली तर ती सोसते, हे चेंगलपट्टूला रॉबर्ट कॉक्रेन यांनी आणि नायजेरियात जॉन लो यांनी दाखवून दिलं. सुई नको, शीर नको. पांढरी, स्वस्त, पाण्याबरोबर गिळायची.

ती आत काय करते? जंतूला वाढायला फॉलिक आम्ल लागतं आणि ते तो स्वतःच तयार करतो. त्यासाठी एका कच्च्या मालाला ठरलेल्या जागी येऊन बसावं लागतं. डॅप्सोन दिसायला त्या मालासारखं. पंगतीत मांडलेल्या पाटावर भलताच येऊन बसावा, तसं ते त्या जागी बसतं. खरा पाहुणा उभाच राहतो, आणि जंतूची वाढ थांबते. माणूस आपलं फॉलिक आम्ल अन्नातून घेतो, म्हणून त्याचं फारसं अडत नाही.

पण नीट लक्ष द्या, वाढ थांबते. जंतू झपाट्यानं मरत नाही. म्हणून गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, काहींनी जन्मभर.

तरी या गोळीनं एक मोठी गोष्ट केली. वर्ध्याला 1951 मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठान सुरू झालं. तिथल्या डॉ. वार्डेकरांनी कामाची दिशाच फिरवली. रुग्णानं आश्रमाकडे यायचं नाही, कार्यकर्त्यानं घरोघर जायचं. पाहणी करायची, लोकांना समजावायचं आणि गोळी तिथेच द्यायची. हे तेल टोचण्याच्या काळात शक्य नव्हतं. गोळी पिशवीत मावते, सायकलवरून खेड्यात जाते, म्हणून माणूस खेड्यात राहू शकतो. औषधाचा आकार बदलला आणि माणसाचा पत्ता बदलायचा थांबला. 1955 मध्ये देशाचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमही याच गोळीवर उभा राहिला.

तुमच्या हातातली गोळी पाहा. एवढीशी. ती तुमच्या तोंडात पोचायला 48 वर्षं लागली.

1974

या एकाच थांब्यावर तुमचा चट्टा एकटा नाही.

तुम्ही अठरा वर्षं डॅप्सोन घेतलेले आहात. कापूस वेचणीच्या दिवसांत कधी राहिली, बरं वाटलं तेव्हा कधी सोडली, पुन्हा धरली. गेल्या दिवाळीपासून पाठीवर नवे चट्टे उठले, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. गोळी रोज घेता आहात आणि रोग वाढतो आहे. तुम्हाला वाटतं चूक आपली आहे.

चूक तुमची नाही. 1964 मध्येच मलायातल्या सुंगाई बुलोहच्या रुग्णांवर पेटिट आणि रीस यांनी सिद्ध केलं, की डॅप्सोनला न जुमानणारे जंतू तयार झाले आहेत. सिद्ध कसं केलं, तेही पाहण्यासारखं आहे. जंतू काचेत वाढत नाही, पण त्याला थंड जागा आवडते. म्हणून तर तो कान, नाक, हात, पाय धरतो. अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी 1960 मध्ये तो उंदराच्या पायाच्या गादीत वाढवून दाखवला. आता उंदराला डॅप्सोन देऊन जंतू वाढतो का ते पाहता येत होतं. मात्र धीर हवा. बरेच जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, हा बारा-चौदा दिवस घेतो. एका चाचणीला कित्येक महिने जातात.

रोग अंगभर पसरलेल्या माणसात जंतूंची संख्या अब्जांत असते. दर दहा लाखांत एखादा जंतू जन्मतःच असा निघतो, की त्याच्यावर डॅप्सोन चालत नाही. म्हणजे पहिली गोळी घेतली त्याच दिवशी तुमच्या अंगात असे हजारो होते. बाकीचे थांबले, हे वाढले. गोळी चुकल्यानं त्यांना सोपं गेलं, पण खोट मुळातच होती. एकटं औषध पाठवलं, ही चूक उपचाराची होती.

मग दुसरं औषध हवं. ते दोन आडवाटांनी येत होतं.

पहिली वाट डब्लिनची. तुमच्या घरच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल आठवा. तसंच, दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं एक दगडफूल आयर्लंडमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या प्रयोगशाळेत आलं. त्याच्यातल्या एका पदार्थाचा क्षयाच्या जंतूवर थोडा परिणाम दिसला. बॅरींच्या गटानं त्याच्या धाग्यानं एकामागून एक नवी संयुगं बांधली. 1950 च्या दशकात बी-663 क्रमांकाचं एक लालभडक संयुग हाती लागलं. क्षयाच्या रुग्णांवर ते चाललं नाही. 1962 मध्ये नायजेरियात ते कुष्ठरोगावर दिलं गेलं आणि तिथे चाललं. तेच क्लोफाझिमिन.

दुसरी वाट दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या मातीची. ती माती 1957 मध्ये मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत गेली. तिच्यातल्या सूक्ष्मजीवानं एक प्रतिजैविक बनवलं होतं, पण ते पोटातून अंगात शिरत नव्हतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूला इथे जोड दे, तिथे छाट, असं करत असंख्य रूपं घडवली. 1960 च्या दशकाच्या मध्यावर त्यांतलं एक तोंडानं घेता येईल असं निघालं. रिफाम्पिसिन. तेही क्षयासाठीच.

तुमच्या रोगासाठी यांतलं एकही मुद्दाम शोधलं गेलं नव्हतं. क्षयाच्या ताटात वाढलेलं तुमच्यापर्यंत आलं.

1983

दारात आरोग्य कार्यकर्ता उभा आहे. सायकल कुंपणाला टेकलेली. 1981 मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ठरवलं, की आता एकटं औषध नाही, सगळी एकत्र. हा बहुऔषधोपचार देशात जिल्हाभर राबवायला ज्या जिल्ह्यांत आधी सुरुवात झाली, त्यांत शेजारचा वर्धा होता.

तो तुमच्या तळहातावर गोळ्या ठेवतो. तांबड्या, तपकिरी आणि ती जुनी ओळखीची पांढरी. "माह्या डोयासमोर घे," तो म्हणतो. "उद्या लघवी लाल दिसन, घाबरू नोको. ते रगत नोहे, औषधाचा रंग हाय. कातडी कायपट होईन, तेही जाईन मंग."

तुम्ही गिळता.

आत काय होतं ते आता ऐका. रिफाम्पिसिन जंतूच्या त्या यंत्रणेला धरतं, जी त्याच्या जनुकांचा निरोप वाचून पुढे पाठवते. निरोप थांबला की जंतू मरतो. ही एक मात्रा शरीरातल्या शंभर जंतूंपैकी नव्याण्णवाहून जास्त मारते. काही दिवसांत तुमच्यापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका जवळपास संपतो. आणि गणित? रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू ढोबळमानानं कोटीत एक. तोच नेमका डॅप्सोनलाही जुमानणार नाही, याची शक्यता कोटीला पुन्हा दहा लाखांनी गुणून येईल त्या आकड्यात एक. एवढे जंतू कुणाच्याच अंगात नसतात. म्हणून दोन-तीन औषधं एकत्र. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती सापडतो.

1921 चा म्हातारा ज्या हातापासून दूर गेला, तो हात आता घरातल्या लेकराला उचलून घेऊ शकतो. कायदा बदलायला अजून कितीतरी वर्षं लागतील, गोळीला काही दिवस पुरले. 1898 चा तो कायदा रद्द झाला 2016 मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं 2019 मध्ये.

आज

फलाटावर उद्घोषणा होते आहे. तुम्ही परत आला आहात. चट्टा पुन्हा एकटा, कोपराखाली.

सकाळी तुम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन आलात. डॉक्टरांनी तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं, पेनच्या टोकानं हाताला ठिकठिकाणी स्पर्श केला आणि जिथे कळेल तिथे बोट ठेवा म्हणाले. चट्ट्यावर तुमचं बोट गेलंच नाही. मग कोपराजवळची नस चाचपली. चट्टे एक ते पाच असले तर सहा महिने, सहा किंवा जास्त असले तर बारा महिने. तुम्हाला सहा.

पाकीट पिशवीत आहे. ते काढा, उजेडात धरा. 28 दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक गोळी आपापल्या घरात. पहिल्या दिवसाच्या गोळ्या वेगळ्या, त्या आरोग्य कार्यकर्तीच्या समोर घेतल्यात. 1995 पासून जगभर ही पाकिटं रुग्णाला फुकट मिळतात. त्या चंदेरी पत्र्यामागे फ्रायबुर्गची विसरलेली बाटली आहे, आयर्लंडचं दगडफूल आहे, फ्रान्सच्या किनाऱ्याची माती आहे, उंदराचे पाय आहेत आणि ज्यांच्या अंगावर औषधं तपासली गेली ते असंख्य रुग्ण आहेत.

घरच्यांनाही रिफाम्पिसिनची एक मात्रा देता येते, रोग होऊ नये म्हणून. 2018 पासून जागतिक आरोग्य संघटनेनं ती सुचवली आहे.

पण पाकीट काय करू शकत नाही, तेही समजून घ्या. मेलेली नस ते जिवंत करत नाही. वाकलेली बोटं सरळ करत नाही. बरी झालेली कितीतरी माणसं वसाहतींतच म्हातारी झाली, कारण जंतू गेला तरी गावानं दार उघडलं नाही. 2005 च्या अखेरीस देशानं जाहीर केलं, की राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झालं. अनेकांनी ते रोग संपला असं ऐकलं. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही आपल्या देशात सापडतात, वर्षाला एक लाखाच्या आसपास.

आणि औषधं तीच आहेत. तिन्ही 1970 च्या आधीची. जंतू अजूनही काचेत वाढत नाही, रुग्ण अजूनही गरीब आहे, आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या रोगावर नवा रेणू घडवायला फार कमी जण बसतात. क्षयासाठी आलेलं बेडाक्विलिन ब्राझीलमध्ये कुष्ठरुग्णांवर तपासलं गेलं आहे. पुन्हा क्षयाच्याच ताटातलं. उद्या रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू पसरला, तर आपल्याला 1974 च्या त्या बाकावर परत बसावं लागेल. नवी औषधं शोधत राहायचं ते यासाठी. माणूस आपल्या घरात राहावा, यासाठी.

तुमचं काम त्याहून सोपं आहे. सहा पाकिटं, एकही दिवस न चुकवता. आणि घरी, शेजारी, शेतात कुणाच्या अंगावर न दुखणारा, न खाजणारा चट्टा दिसला, तर त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यायचं. औषध आहे. उशीर हाच आता खरा रोग आहे.

बडनेऱ्याकडची गाडी येते आहे. फलाटावर गर्दी वाढते. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई तुमच्या बाकाशी येते.

"सरकता का जराशे?"

तुम्ही सरकता. ती बसते. तिचा हात तुमच्या डाव्या हाताला घासतो, बरोबर त्या चट्ट्यावर. तिथे तुम्हाला काही कळत नाही. पण ती बसली आहे, हे कळतं. तुम्ही बाही खाली ओढत नाही.